विश्लेषण : मराठी विकिपीडियावर ‘उत्पात’ करणाऱ्यांना आवरायचे कोणी आणि कसे?

पेण तालुक्यातल्या हमरापूरची ओळख सांगायला दोन ओळी पुरतात. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर जिते आणि पेणच्या मधले स्थानक, आणि गणपतीच्या मूर्तींचे गाव. शेजारच्या जोहे, कळवे या गावांसह इथल्या कारखान्यांत वर्षातले बहुतेक महिने मूर्तींचे काम चालते. काही मूर्ती रंगून, डोळ्यांची आखणी होऊन बाहेर पडतात. बऱ्याच कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, जातात आणि दुसऱ्या गावचे कारागीर त्यांना रंग देतात.

तिसरी ओळ लिहायला घेतली, की मात्र वाद सुरू होतो. समजा, ही ओळ अशा ज्ञानकोशात लिहायची आहे जिथे कोणीही येऊन ती बदलू शकतो. एक जण लिहील, ‘येथील प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींमुळे जलप्रदूषण होते.’ दुसरा ते काढून टाकेल, कारण त्याच्या घरातली चूल त्याच मूर्तींवर पेटते. तिसरा ‘हा व्यवसाय आमच्या घराण्याने सुरू केला’ असे टाकेल. चौथा आपल्या कारखान्याचा मोबाइल नंबर देऊन मोकळा होईल. पाचवा शाळकरी मुलगा असेल. तो फक्त मित्राचे नाव लिहून गंमत बघेल. आणि या पाचही जणांचे लिखाण पाहून काय ठेवायचे, काय काढायचे आणि कोणाला काय सांगायचे हे ठरवणारा माणूस कदाचित पुण्यात किंवा अमेरिकेत बसलेला असेल, आणि हमरापूरला तो कधी उतरलाही नसेल.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. पण मराठी विकिपीडियावर असे प्रसंग घडणे हा रोजच्या कामाचा भाग आहे. गुगलवर एखादे गाव, नेता किंवा लढाई शोधली की वर जो चौकोन दिसतो, त्यातली माहिती अनेकदा विकिपीडियावरून आलेली असते. एआय चॅटबॉटही तिथूनच बरेच काही शिकलेले आहेत. त्यामुळे तिथे टिकलेली चूक एका पानापुरती राहत नाही.

‘प्रचालक’ म्हणजे कोण?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. आज त्यावर ९० हजारांहून अधिक लेख आहेत. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे देशात सुमारे ८ कोटी ३० लाख लोक. त्या मानाने तिथे नियमितपणे लिहिणारे फारच थोडे आणि देखरेख करणारे प्रचालक तर बोटांवर मोजण्याइतके. त्यांना पगार नाही, मानधन नाही. समुदायातल्या लोकांनी चर्चेतून, कौल घेऊन त्यांना काही जादा बटणे दिलेली असतात, इतकेच. पान हटवणे, पान सुरक्षित करणे आणि एखाद्या सदस्याला संपादनापासून रोखणे ही त्यातली मुख्य.

मराठी विकिपीडियाने या कामासाठी शब्दही मराठमोळे घडवले आहेत. जिथे सगळे मिळून बोलतात ती ‘चावडी’. सराव करण्याची जागा म्हणजे ‘धूळपाटी’. न थकता एकसारखी कामे करणारा संगणकीय प्रोग्रॅम म्हणजे ‘सांगकाम्या’. पुन्हा पुन्हा वापरायच्या मजकुराचा तो ‘साचा’. हमरापूरच्या कारखान्यात या शब्दाचा अर्थ विचारला तर उत्तर वेगळे मिळेल, पण काम तेच. आणि पानाची नासधूस करणे म्हणजे ‘उत्पात’.

याआधीचे मराठी ज्ञानकोश वेगळ्या पद्धतीने झाले. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश असो वा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईत उभा राहिलेला मराठी विश्वकोश, तिथे संपादक आधी बसतो आणि मजकूर नंतर छापला जातो. नको तो लेखक आतच येत नाही. विकिपीडियात हा क्रम उलटा आहे. आधी छापले जाते, मग तपासले जाते. दार उघडे असल्याने आत येणाऱ्यांत भले-बुरे दोन्ही असणार हे गृहीतच धरलेले आहे. ही व्यवस्था चालते, कारण प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला हे ‘इतिहास’ या दुव्यावर दिसते आणि एका टिचकीने जुना मजकूर परत आणता येतो. बिघडवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात दुरुस्त करता यावे, अशी ही रचना.

शिवीगाळ सोपी, श्रद्धा अवघड

लोकांना वाटते की प्रचालकांची डोकेदुखी म्हणजे शिव्या लिहिणारे. तसे नाही. शिवी ओळखायला वेळ लागत नाही. इंग्रजी विकिपीडियावर तर अशी संपादने काही सेकंदांत ओळखून उलटवणारे सांगकामे अनेक वर्षांपासून आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये आशिया चषकात पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात अर्शदीप सिंगकडून झेल सुटला आणि त्याच्या विकिपीडिया पानावर ‘खलिस्तान’चा उल्लेख घुसवला गेला. तो काही मिनिटांतच काढला गेला. तोवर स्क्रीनशॉट मात्र सगळीकडे फिरले होते आणि केंद्र सरकारने विकिपीडियाकडे खुलासा मागितला. यंत्रणा म्हणून जे व्हायला हवे होते ते झाले होते. बाकीचे काम व्हॉट्सॲपने केले.

जाहिरात करणारेही ओळखू येतात. ‘युवकांचे आशास्थान’, ‘कार्यसम्राट’, ‘भावी आमदार’ असे शब्द लेखात दिसले, की लेख त्या नेत्याच्या कार्यकर्त्याने लिहिला हे कळायला तपास यंत्रणा लागत नाही. निवडणुका जवळ आल्या की फ्लेक्सवरची ही भाषा कुठे कुठे पोहोचते हे वाचकांना सांगायला नको.

त्यानंतर येतात इतिहास आणि जात यांवर लढणारे. अमुक महापुरुषाची जात कोणती, तमुक लढाई कोणी जिंकली, या गावाचे ‘खरे’ नाव काय. इथे दोन्ही बाजूंच्या लोकांना आपण चुकतोय असे वाटत नाही. दोघेही दिवसात पाच-पाच वेळा एकमेकांचे लिखाण उलटवत बसतात. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी सरळ नियम आहे : एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवले, तर तुमची बाजू बरोबर असली तरी तुम्हाला रोखले जाऊ शकते. नियम कठोर वाटतो, पण त्यात शहाणपण आहे. ‘बरोबर कोण’ हे ठरवण्याआधी तो ‘आधी थांबा’ म्हणतो. गावातल्या बांधावरच्या भांडणात मोजणी होण्याआधी दोघांच्या हातातली काठी काढून घ्यावी, तसे.

आणि सर्वांत अवघड गट म्हणजे मनापासून काम करणारे, पण काम बिघडवणारे. हे लोक रात्र रात्र जागून लिहितात. वृत्तपत्रातला लेख जसाच्या तसा उचलून टाकतात आणि प्रताधिकाराचा भंग झाला हे सांगितले की दुखावतात. इंग्रजी पान भाषांतराच्या यंत्रातून काढून मराठीत ओततात. वाक्याला शेंडा ना बुडखा, पण लेखांची संख्या वाढली याचा आनंद. आता त्यात चॅटबॉटने लिहून दिलेल्या गुळगुळीत मजकुराची भर पडली आहे. त्यात संदर्भही असतात, फक्त ती पुस्तके अस्तित्वातच नसतात. अशा लेखांना चर्चेशिवाय तातडीने हटवता यावे म्हणून इंग्रजी विकिपीडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळा नियम केला.

या चौथ्या गटाला ‘उत्पाती’ म्हणता येत नाही. पण त्यांच्यामागे साफसफाई करण्यात ज्यांचा वेळ जातो, त्यांच्या दृष्टीने परिणाम तोच. याचे जगातले ठळक उदाहरण स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचे आहे. स्कॉटलंडमधल्या या भाषेतले हजारो लेख एका अमेरिकी मुलाने लिहिले होते आणि त्याला ती भाषा धड येतच नव्हती, हे २०२० मध्ये उघड झाले. त्याचा हेतू वाईट नव्हता. लहान समुदाय, लक्ष ठेवणारे कमी, आणि अंगावर काम घेणारा उत्साही मुलगा. कोणी विचारले नाही. मराठीत भाषा जाणणारे कोट्यवधी आहेत म्हणून असे होणार नाही असे समजणे चूक ठरेल. कारण प्रश्न बोलणाऱ्यांच्या संख्येचा नाही, तपासणाऱ्यांच्या संख्येचा आहे.

बंदी घालण्याआधी काय होते?

पद्धत साधारण अशी. पहिले पाऊल म्हणजे बदल उलटवणे आणि त्या सदस्याच्या चर्चापानावर निरोप ठेवणे. पुन्हा घडले तर ताकीद. एकाच पानावर अनेक जण तुटून पडत असतील तर माणसाला न रोखता पानच काही दिवस सुरक्षित करतात. मग नव्या किंवा खाते नसलेल्या लोकांना ते बदलता येत नाही. त्यानंतर काही तास किंवा एक दिवसाची बंदी, मग आठवडा, आणि अगदी शेवटी अनिश्चित काळाची. बंदी घातलेल्या सदस्यालाही सहसा स्वतःच्या चर्चापानावर लिहिता येते, म्हणजे दाद मागायची वाट उघडी राहते. हा अधिकारही गैरवापर केला तरच काढतात.

बंदी चुकवून दुसऱ्या नावाने येणारे हा वेगळा ताप. एकच माणूस तीन खात्यांतून येऊन ‘बघा, आम्हा सगळ्यांचे हेच मत आहे’ म्हणतो. दोन खात्यांमागे एकच व्यक्ती आहे का, हे तांत्रिक नोंदी पाहून तपासता येते. पण लोकांच्या खासगीपणाचा प्रश्न असल्याने तो अधिकार जगभरात मोजक्यांनाच आहे आणि बहुतेक लहान भाषांच्या विकिपीडियांत तो स्थानिक प्रचालकांकडे नसतो. मग सर्व भाषांसाठी निवडून दिलेल्या ‘स्टुअर्ड’ नावाच्या स्वयंसेवकांकडे विनंती करावी लागते. त्यांना मराठी येत असेलच असे नाही. मराठीतले भांडण इंग्रजीत समजावून सांगायचे, आणि त्यातही कोण कोणाला जातीवरून टोमणा मारतोय हे परक्या माणसाला पटवायचे, हे काम सोपे नाही.

इथपर्यंतची व्यवस्था कागदावर चांगलीच आहे. अडते ते पहिल्या पावलावर.

पुन्हा हमरापूरच्या त्या चौथ्या माणसाकडे येऊ, ज्याने आपल्या कारखान्याचा नंबर टाकला. त्याच्या दृष्टीने त्याने काय चुकीचे केले? गावाची माहिती आहे, गाव मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे, लोक मूर्तीच शोधत येणार, मग नंबर दिला. गुगल मॅपवर तो हेच करतो आणि तिथे ते चालते. विकिपीडियावर मात्र काही मिनिटांत नंबर गायब होतो आणि चर्चापानावर लाल चिन्हासह तयार साच्यातला निरोप येतो : आपले संपादन विकिपीडियाच्या धोरणाशी विसंगत असल्याने उलटवले आहे, कृपया उल्लेखनीयता, पडताळण्याजोगेपणा व तटस्थ दृष्टिकोन ही धोरणे वाचावीत. सरकारी नोटिशीसारखी ही भाषा. तो वाचत नाही. नंबर पुन्हा टाकतो. तिसऱ्या वेळी त्याला रोखले जाते आणि नोंद होते : ‘प्रचारकी मजकूर, वारंवार सूचना देऊनही.’

नियमाने सारे बरोबर झाले. पण या माणसाला साचा ओतल्यावर मूर्ती किती वेळाने काढायची, पावसाळी हवेत रंग वाळायला किती वेळ लागतो, जोहे आणि हमरापूरच्या कामात फरक काय, हे माहीत होते. त्यातली एक ओळही लिहिली जाण्याआधी तो गेला. त्याऐवजी दोन ओळींचा निरोप हाताने लिहिला असता : ‘नमस्कार, तुम्ही टाकलेला फोन नंबर काढला आहे, कारण इथे जाहिरात चालत नाही. पण तुम्ही हमरापूरचेच दिसता. गावातल्या मूर्तिकामाबद्दल एखाद्या वर्तमानपत्रात आलेली बातमी असेल तर ती सांगाल का?’ यानेही तो थांबला असता की नाही, सांगता येत नाही. दहातले आठ थांबणार नाहीत. पण मराठीसारख्या ठिकाणी उरलेले दोनही खूप आहेत.

हा केवळ अंदाज नाही. संशोधक ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांचा इंग्रजी विकिपीडियावरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ नंतर तिथले सक्रिय संपादक घटू लागले, त्यामागे उत्पात रोखण्यासाठी उभारलेली यंत्रणाच एक मोठे कारण असल्याचे त्यांनी दाखवले. सांगकामे आणि झटपट उलटवण्याची साधने आली, पाने स्वच्छ राहिली. पण चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांची पहिलीच संपादने उडवली जाऊ लागली आणि ते परतले नाहीत. इंग्रजीकडे माणसांचा साठा मोठा होता, ते तरले.

संदर्भ नाही, पण माहिती खरी आहे

प्रचालकांवरचा आणखी एक राग हमरापूरसारख्या गावातून समजून घेता येतो. विकिपीडियाला छापील किंवा विश्वासार्ह संदर्भ लागतो. ‘मला माहीत आहे’ हा संदर्भ नाही. नियम योग्यच आहे. नाहीतर ‘हा व्यवसाय आमच्याच घराण्याने सुरू केला’ म्हणणारी चार घराणी येतील आणि चारही ठाम असतील. पण गावखेड्यातल्या कितीतरी गोष्टी कधी छापल्याच गेल्या नाहीत. मग ज्याला सर्वांत जास्त माहिती आहे त्याचे लिखाण उडते आणि ज्याने गाव पाहिले नाही, पण ज्याच्याकडे एक बातमीची लिंक आहे, त्याचे राहते. हा अन्याय वाटणे स्वाभाविक आहे. अशा माणसाचा आवाज चढला की तो ‘त्रासदायक सदस्य’ ठरतो.

फोटोंचे तर विचारूच नका. कारखान्यात जाऊन स्वतः काढलेला सुंदर मूर्तीचा फोटो टाकला, तो तर आपलाच. पण मूर्ती ही दुसऱ्याची कलाकृती असते. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला मुभा आहे. विसर्जनाला जाणारा गणपती कायमस्वरूपी कसा म्हणायचा? त्यामुळे अशा फोटोवर प्रश्न उभा राहू शकतो. भक्तिभावाने फोटो टाकणाऱ्याला हे समजावणे किती कठीण असेल, याची कल्पना केलेली बरी.

आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा वाद? तिथे संदर्भ भरपूर आहेत, अडचण उलटी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे मे २०२० ची. त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश जानेवारी २०२५ चा. त्यानंतर जून २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाला नाही. पुढे मोठ्या मूर्तींच्या विसर्जनाबाबत पुन्हा वेगळा अंतरिम आदेश. म्हणजे जानेवारीतली बातमी दाखवून ‘बंदी आहे’ म्हणणारा आणि जूनमधली दाखवून ‘बंदी उठली’ म्हणणारा, दोघेही संदर्भासह भांडू शकतात. अशा वेळी दोघांनाही रोखून पान कुलूपबंद करणारा प्रचालक काम वाचवतो, करत नाही. खरे काम तारखांसह चारही गोष्टी क्रमाने मांडण्याचे आहे. त्याला अर्धा दिवस जातो आणि तो अर्धा दिवस कोणाच्या तरी नोकरीनंतरचा, घरच्यांचा असतो.

पोलीस बोलवावेत का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये हा विषय अचानक राज्य सरकारपर्यंत पोहोचला. ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाला आणि इंग्रजी विकिपीडियावर छत्रपती संभाजी महाराजांविषयी असलेल्या मजकुरावरून संताप उसळला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कारवाईचे आदेश दिले. महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला मजकूर हटवण्याची नोटीस पाठवली आणि काही दिवसांत किमान चार संपादकांवर गुन्हा नोंदवला.

शंभूराजांबद्दल आक्षेपार्ह काही वाचून मराठी माणसाचे रक्त तापणे साहजिक आहे. पण इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विकिपीडियावरचे वाक्य एकाचे नसते. मूळ कोणी लिहिले, शब्द कोणी फिरवले, संदर्भ कोणी जोडला, चूक दिसूनही कोणी ठेवले, हे सारे वेगवेगळे लोक असतात. गुन्हा नोंदवायचा तर नेमका कोणावर? आणि नोंदवला तर त्याचा परिणाम कोणावर होतो? खोडसाळ माणूस खोट्या नावाने येतो, त्याला फरक पडत नाही. घाबरतो तो खऱ्या नावाने, संदर्भ देऊन लिहिणारा महाविद्यालयातला प्राध्यापक. तो पुढच्या वेळी इतिहासाच्या पानाला हात लावत नाही. मैदान मग कोणासाठी मोकळे राहते, हे उघड आहे.

आक्षेपार्ह वाक्य बदलण्याचा मार्ग त्या वेळीही उपलब्ध होता. चर्चापानावर जाऊन, त्या संदर्भापेक्षा भक्कम संदर्भ देऊन वाद घालायचा. महाराष्ट्रात मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक कमी नाहीत, साधने कमी नाहीत. यातले किती जण विकिपीडियाच्या चर्चापानावर आजवर गेले असतील? ‘आमचा इतिहास बाहेरचे लिहितात’ ही तक्रार खरी असेल, तर त्याला उत्तर ठाण्यात मिळणार नाही.

न्यायालयेही यात चाचपडत आहेत. एएनआय या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडियावर दोन कोटींचा दावा लावला. त्या खटल्यावरच लिहिलेले विकिपीडियाचे पान न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हटवावे लागले. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पान हटवण्याचा तो आदेश रद्द केला.

आणि प्रचालकच चुकला तर?

इतका वेळ प्रचालकांची बाजू मांडली, आता दुसरी. ‘सगळे स्वयंसेवक आहेत, त्यांना बोलू नका’ हा युक्तिवाद अर्धाच खरा. क्रोएशियन विकिपीडियात सुमारे दशकभर काही राष्ट्रवादी प्रचालकांनी कब्जा केला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले जात होते आणि आक्षेप घेणाऱ्याला ‘उत्पाती’ ठरवून रोखले जात होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात हे सविस्तर आले. तिथे वापरलेली बटणे तीच होती जी प्रत्येक भाषेतल्या प्रचालकाकडे असतात. समुदाय लहान असला की चार जण मिळून ‘सहमती झाली’ म्हणू शकतात.

मराठीत तसे घडले आहे असा याचा अर्थ नाही. पण मोजके प्रचालक, वर्षानुवर्षे तेच, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला वेळ असलेले कोणी नाही, ही परिस्थिती निकोप म्हणता येणार नाही. बंदीचा लॉग सर्वांसाठी खुला असतो; तो कोणी वाचत नाही हा भाग वेगळा. ज्या वादात प्रचालक स्वतः लिहिणारा आहे, त्या वादातल्या विरोधकाला त्यानेच रोखू नये, हा संकेत इंग्रजीत कटाक्षाने पाळतात. लहान विकिपीडियात ‘दुसरा प्रचालक जागा नव्हता’ हे कारण खरे असते आणि तरीही ते पुरेसे नसते. बंदीची नोंद एका शब्दात ‘उत्पात’ अशी न करता कोणते संपादन, कोणता नियम, कोणत्या तारखेची ताकीद, हे तीन दुवे देऊन करायची सवय लावली तर निम्मी भांडणे तिथेच मिटतील. याला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटे लागतात.

प्रचालकांची मुदत ठरवावी का, यावर दुमत आहे. काही भाषांत ठरावीक काळाने पुन्हा कौल घेतात. मराठीत माणसेच कमी असताना आहेत त्यांनाही घालवायचे का, असा प्रतिप्रश्न येतो आणि तो खोटा नाही. पण माणसे कमी का, हे विचारताना त्रासदायक सदस्यांकडेच बोट दाखवले जाते. एक भांडखोर सदस्य चावडीवर महिनाभर सर्वांना गुंतवून ठेवतो, हे सर्वांना दिसते. त्याच महिन्यात कंटाळून, कोणाला न सांगता लिहायचे थांबवणारे तिघे कुठल्याच लॉगमध्ये येत नाहीत. त्यामुळे भांडखोराला ‘आणखी एक संधी’ सहाव्यांदा देणे ही उदारता वाटते, पण तिची किंमत ते तिघे भरतात. नवख्याशी जितके सबुरीने वागायचे, तितकेच सरावलेल्या भांडखोराशी वेळेत कठोर व्हायचे. मराठीत बऱ्याचदा याच्या नेमके उलट होते, कारण भांडखोर जुना असतो, ओळखीचा असतो आणि त्याची संपादने हजारोंत असतात.

हमरापूरच्या कोणाला आपल्या गावाबद्दल काही दुरुस्त करायचे असेल, तर आज एवढे करता येते. मोबाइलवर पान उघडून ‘चर्चा’वर जायचे, काय चुकले ते दोन वाक्यांत लिहायचे आणि वर्तमानपत्राच्या रायगड आवृत्तीतले एखादे कात्रण असेल तर वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक द्यायचा. लिंक नसली तरी चालते, छापील संदर्भही ग्राह्य असतो. कोणी लगेच उत्तर दिले नाही तर चावडीवर विचारायचे. कारखान्याचा नंबर मात्र तिथे द्यायचा नाही. गणपतीच्या हंगामात तो गुगल मॅपवर असला की पुरे.